साक्षीदाराच्या पिंजऱ्यातला शब्द

१४ एप्रिलच्या संध्याकाळी आमच्या गावच्या वाचनालयात मी एका दलित आत्मकथनातला उतारा वाचला. अभिवाचन मी पस्तीस वर्षं करतो आहे. उताऱ्यात गावातला एक मोठा माणूस लहान पोराला जातीच्या नावाने शिवी घालतो. पुस्तकात आहे तशी, चढ्या आवाजात मी ती वाचली. दुसऱ्या रांगेतला एक मुलगा उठला, दाराशी जाऊन चपला घातल्या आणि निघून गेला. कुणी काही बोललं नाही. शेवटी टाळ्याही झाल्या. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

सभेत माझी एक जुनी विद्यार्थिनी बसली होती. आता ती जिल्हा न्यायालयात वकिली करते आणि ॲट्रॉसिटीच्या खटल्यांत पीडितांच्या बाजूने काम करते. पुढच्या रविवारी ती घरी आली तेव्हा मीच विषय काढला. आमचं बोलणं तिच्या संमतीने इथे देतो आहे. त्या संध्याकाळी मी उच्चारलेला शब्द मात्र या लेखात लिहीत नाही. का, ते पुढे येईलच.

मी – तो मुलगा का गेला असेल?

ती – मला माहीत नाही सर, आणि मी त्याला विचारलंही नाही. माझ्यापुरतं सांगते. ते पुस्तक मी वाचलेलं आहे. तुम्ही त्या शब्दापर्यंत पोचणार, हे मला दोन ओळी आधीच कळलं. त्या दोन ओळी मी मान खाली घालून बसले होते.

मी – पण लेखकाने तो शब्द कशासाठी लिहिला, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. तो शब्द काढला तर त्या पानावर काय उरलं? बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ साली आलं, ढसाळांचं 'गोलपिठा' १९७२ साली. तोवर मराठी पुस्तकांत ही भाषा जवळजवळ नव्हतीच. तेंडुलकरांनी 'गोलपिठा'ला प्रस्तावना लिहिली. त्यांच्यासारख्या भाषेच्या माणसालाही त्यातले कितीतरी शब्द ढसाळांकडून समजून घ्यावे लागले होते. मराठी साहित्याने जे ऐकायचं नाकारलं होतं, ते या लोकांनी त्याच्या कानात ओतलं. पुस्तकांची नावंच बघ. 'उपरा', 'उचल्या', 'अक्करमाशी', 'कोल्हाट्याचं पोर'. दुसऱ्यांनी ज्या शब्दांनी हिणवलं तेच मुखपृष्ठावर छापले. तोळ्याचे मासे बारा. अकरा माशांचा तो अक्करमाशी, म्हणजे कमअस्सल. शरणकुमार लिंबाळ्यांनी १९८४ साली तो शब्द आपल्या नावाच्या वर ठेवला. अशा शब्दांच्या जागी मी फुल्या वाचू?

ती – फुल्या वाचा असं मी म्हटलेलं नाही. लिंबाळ्यांनी स्वतःच्या पाठीवरचा वळ दाखवला. तो त्यांचा होता, दाखवायचा की झाकायचा हे त्यांनी ठरवलं. तुम्ही त्या दिवशी काय केलंत ते आठवा. उताऱ्यात दोन माणसं होती, शिवी देणारा आणि ऐकणारा. तुम्ही देणाऱ्याचा आवाज काढलात. आणि सर, फार चांगला काढलात. म्हणून तर तो अंगावर आला.

यावर मला लगेच उत्तर सुचलं नाही. पोराचा आवाज मी काढलाच नव्हता, कारण उताऱ्यात पोराला एकही वाक्य नाही. ते वाचनाच्या सरावात माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

मी – तरीही संदर्भ काही असतो की नाही? तुझ्या जातीचा दाखला घे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातींची यादी आहे, तिच्यात 'चांभार' हा शब्द आहे. तोच तुझ्या दाखल्यावर. शाळेच्या अर्जात, शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर, निवडणुकीत राखीव जागेच्या कागदांवर तोच. म्हणजे शब्दात विष नाही. कोण बोलतो, कुठे, कशासाठी, त्यावर सगळं ठरतं. संदर्भ बाजूला काढलास तर तुला तुझा दाखलाही वाचता येणार नाही.

ती – दाखला मी कधी मोठ्याने वाचत नाही सर. खिडकीतून आत सरकवते. पण तुमचा मुद्दा खरा आहे आणि तो माझ्या रोजच्या कामातला आहे. तुमचाच हा मुद्दा कोर्टात आरोपीचा वकील मांडतो. 'साहेब, माझ्या अशिलाने फक्त जात सांगितली, शिवी दिलीच नाही. हे तर जातीचं सरकारी नाव आहे.' २००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे स्वरणसिंग खटला आला होता. फाटकाजवळ गाडीपाशी उभ्या असलेल्या एका ड्रायव्हरला 'चमार' म्हणून हिणवल्याचा आरोप होता. न्यायालयाने सांगितलं की शब्दाची व्युत्पत्ती बघू नका, आज लोक तो कसा वापरतात ते बघा. अपमान करायला वापरला असेल तर तो गुन्हा.

मी – मग न्यायालयाने माझंच म्हणणं मान्य केलं. वापर बघा म्हणजे संदर्भ बघा.

ती – हो, पण कुणी बघायचं? तुम्ही म्हणता बोलणाऱ्याने ठरवायचं, कारण त्याला स्वतःचा हेतू ठाऊक असतो. न्यायालय म्हणालं समाज बघा, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या कानावर तो शब्द काय म्हणून पडतो ते बघा. आणि तिथेही वाट सरळ नाही. ॲट्रॉसिटीचा कायदा १९८९ चा, २०१५ ला दुरुस्त झाला. जातीच्या नावाने शिवीगाळ केल्याचं वेगळं कलमच त्यात आलं, सहा महिने ते पाच वर्षं कैद. पण अट आहे, ते लोकांच्या नजरेसमोर घडलं पाहिजे. २०२० साली हितेश वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घराच्या चार भिंतींत, बाहेरचं कुणी नसताना झालेलं बोलणं या कलमात बसत नाही. आता घरकाम करणाऱ्या बाईला मालकीण कुठे बोलते? स्वयंपाकघरात. तिथे साक्षीला असतात ती भांडी.

मी – म्हणजे संदर्भाच्या नावाखाली सुटणारे सुटतात, असं तुझं म्हणणं.

ती – सुटतात. पण त्यामुळे मी संदर्भच नको म्हणत नाही. संदर्भ हा शब्द नेहमी कुणाच्या तोंडून येतो, ते मी बघत आले आहे. ज्याला ती शिवी कधी लागलेली नाही, तो माणूस 'संदर्भ बघा' म्हणतो. ज्याला लागलेली आहे, त्याला संदर्भ आधीच माहीत असतो.

हे बोलताना तिचा आवाज चढला नव्हता. मला मात्र राग आला. आयुष्यभर ही पुस्तकं मी शिकवली. 'बलुतं' १९७८ साली आलं तेव्हा मी कॉलेजात शिकत होतो, उसनं आणून दोन रात्रींत वाचलं. त्या पुस्तकाने माझ्यासारख्या कितीतरी मुलांना स्वतःच्या घराकडे नव्याने बघायला लावलं. पुढे नोकरी लागल्यावर ही पुस्तकं अभ्यासक्रमात यावीत म्हणून मी बैठकांमध्ये भांडलो. म्हणून जरा तावातच बोललो.

मी – शब्द दडपून काही मिळत नाही, उलट जातं. २०१८ सालचं आठव. नागपूर खंडपीठाच्या सूचनेनंतर केंद्राच्या माहिती खात्याने वाहिन्यांना सांगितलं, 'दलित' शब्द टाळा, 'अनुसूचित जाती' म्हणा. 'दलित' हा शब्द लोकांनी स्वतः निवडलेला. पँथरने १९७२ ला तो झेंड्यासारखा धरला. तो कुणाला तरी वरून अयोग्य वाटला आणि काढायला निघाले. भाषा स्वच्छ करायला निघालेली माणसं पहिल्यांदा लढणाऱ्यांचेच शब्द पुसतात.

ती – मान्य. त्या वेळी विरोध करणाऱ्यांत मीही होते. पण त्याच्या आधीचं उदाहरण घ्या की. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात असताना १९३३ च्या फेब्रुवारीत 'हरिजन' साप्ताहिक सुरू केलं, पुण्यातूनच. त्यांच्या हेतूबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. शब्दही गोड, देवाची माणसं. पण ज्यांना तो लावला त्यांना नको होता. १९३८ च्या जानेवारीत मुंबईच्या विधिमंडळात लोकल बोर्डाच्या विधेयकात तो शब्द आला, तेव्हा भाऊराव गायकवाड आणि बाबासाहेबांनी आक्षेप घेतला. बहुमताने तो फेटाळला गेला आणि बाबासाहेबांचा पक्ष सभागृहातून बाहेर पडला. विचार करा सर. हेतू चांगला, अर्थ चांगला, बोलणारा महात्मा. संदर्भ याहून चांगला काय असणार? आणि तरी ते उठून गेले.

तिने मुद्दाम तोच शब्द वापरला, 'उठून गेले'. मला दुसऱ्या रांगेतली ती खुर्ची दिसली.

ती – 'दलित' आणि 'हरिजन', दोन्हींकडे प्रश्न एकच होता. ज्याचं नाव आहे त्याला कुणी विचारलं का? दोन्ही वेळा विचारलं नव्हतं.

मी – बरं, हे नावांचं झालं. आपण शिवीबद्दल बोलतो आहोत. तुझ्याच कोर्टात ती शिवी उच्चारावी लागत असेल ना? फिर्यादीत काय लिहितेस?

चहा थंड झाला होता. तो तिने तसाच बाजूला सारला.

ती – तेच तुम्हाला सांगायचं होतं. वर्तमानपत्रवाले लिहितात 'जातिवाचक शिवीगाळ'. त्यांचं भागतं. फिर्यादीत एवढंच लिहिलं, तर बचावाचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो. नेमका शब्द कोणता? तो नाही म्हणजे तक्रार मोघम आहे. म्हणून मी प्रत्येक बाईला, प्रत्येक माणसाला सांगते, शब्द जसाच्या तसा सांगा. आधी ठाणे अंमलदारापुढे. मग तपासाला उपअधीक्षक येतात, त्यांच्यापुढे जबाब. मग कोर्टात सरतपासणी, मग उलटतपासणी. एका शिवीसाठी माणूस ती शिवी स्वतःच्या तोंडाने चार वेळा स्वतःला घालतो.

मी – (काही वेळाने) आणि ते तू करायला लावतेस.

ती – मी करायला लावते. एक म्हातारी होती. गावात विहिरीवरून भांडण. पिंजऱ्यात उभी राहिली, विचारलं, आरोपी काय म्हणाला? तिने इतक्या हळू सांगितलं की टंकलेखकाला ऐकू गेलं नाही. न्यायाधीश चांगले होते, पण नोंद तर व्हायला हवी. म्हणाले, आजी, मोठ्याने सांगा. तिने इकडेतिकडे पाहिलं. मागच्या बाकांवर आरोपीचे नातेवाईक होते, शिपाई होता, दुसऱ्या खटल्यांचे लोक होते. मग ती मोठ्याने बोलली. टंकलेखकाने लिहून घेतलं. बाहेर आल्यावर मला म्हणाली, बाई, त्यानं एकदा म्हटलं होतं.

बराच वेळ आम्ही गप्प होतो.

ती – माझा कायदा त्या शब्दाशिवाय चालत नाही. तेव्हा शब्द कधीच उच्चारू नये, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? पण त्या पिंजऱ्यात एक हिशेब उघड असतो. शब्द उच्चारण्याची किंमत कोण देतं ते सगळ्यांना दिसतं. ती बाई देते, आणि न्याय मिळावा म्हणून देते. तुम्ही वाचनालयात वाचलंत तेव्हा किंमत कुणी दिली? तुम्ही नाही. लेखकाने तर लिहितानाच दिली होती. ती त्या मुलाने दिली. आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं, बाबा, देशील का?

मी – मग मी वर्गात या पुस्तकांचं काय करायला हवं होतं? वीस वर्षांपूर्वी तू माझ्या वर्गात होतीस. तेव्हाही मी वाचायचो. तुला तेव्हा...

ती – हो, तेव्हाही. तुम्ही पुस्तकात बघून वाचत होता, म्हणून तुम्हाला दिसलं नसेल. तो शब्द आला की पुढच्या बाकांवरची डोकी मागे वळायची. माझ्याकडे आणि माझ्या शेजारच्या मुलीकडे. वाईट मनाने नव्हे, सहज. तुमच्यासाठी संदर्भ म्हणजे पुस्तक होतं. आमच्यासाठी ती वळलेली डोकी हा संदर्भ होता. पण सर, त्याचा राग मला कधी आला नाही. तुम्ही ती पुस्तकं शिकवलीत म्हणून मी आज हे काम करते. मला जे लागलं ते वेगळंच होतं.

मी – काय?

ती – जाऊ द्या.

मी – नाही, सांग.

ती – वर्गात मुलं कुजबुजायला लागली की तुम्ही डस्टर आपटून म्हणायचा, 'चांभारचौकशा बंद करा.'

माझ्या तोंडून तो शब्द किती वेळा गेला असेल, याचा मला अंदाजही करता येत नाही. माझे वडील म्हणायचे, आजोबा म्हणायचे. शब्दकोशात आहे. नको त्या गोष्टींची विचारपूस, एवढाच अर्थ. मी तो कधी जातीशी जोडलाच नव्हता. आणि ती तिसऱ्या बाकावर बसायची, हे मला चांगलं आठवतं.

ती – माझे वडील एसटी स्टँडसमोर पेटी घेऊन बसायचे. दिवसभर मान खाली घालून चपला शिवायचे. कुणाची चौकशी करायला त्यांना वेळ नव्हता. गिऱ्हाईकच त्यांना विचारायचं, कुठला तू, किती पोरं, शाळेत जातात का. मी घरी येऊन त्यांना विचारलं होतं, बाबा, चांभारचौकशा का म्हणतात? ते म्हणाले, म्हणतात, तू अभ्यास कर.

मी – तू मला तेव्हा का सांगितलं नाहीस?

ती – सर, मी सोळा वर्षांची होते.

यापुढचं बोलणं तुटक झालं, ते सगळं देत नाही. एक मुद्दा मात्र तिने आग्रहाने मांडला आणि तो मला पटला. शिवी ओळखता येते, म्हणून तिच्यावर खटला होऊ शकतो. म्हण आणि वाक्प्रचार कुणी ओळखतच नाही. तिथे हेतू नसतो, राग नसतो, समोर ती व्यक्ती आहे याचं भानही नसतं. म्हणजे माझ्या बाजूने बोलायचं तर संदर्भ अगदी निर्दोष. २०२० च्या डिसेंबरात राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं यायची होती. वस्तीच्या पाट्या आदेशाने बदलतात. घराघरांत बोलली जाणारी म्हण कुठल्या आदेशाने बदलणार? ती आपल्यापैकी प्रत्येकाने स्वतःच्या तोंडात थांबवायची.

एका ठिकाणी आमचं जमलं नाही, तेही लिहितो. अशा म्हणी कोशांतूनही काढाव्यात असं तिचं मत आहे. माझं नाही. दाते-कर्व्यांच्या वाक्संप्रदाय कोशात या समाजाने कुणाला काय म्हटलं त्याची नोंद आहे, आणि ती पुसली तर आपण असं कधी बोललोच नव्हतो म्हणायला लोक मोकळे होतील. कोश हीदेखील फिर्यादच आहे आणि फिर्यादीत शब्द जसाच्या तसा लागतो, हे मी तिच्याकडूनच शिकलो. ती म्हणाली, मग शेजारी लिहा की हा अपमान आहे. कोशकारांनी ते जरूर करावं. आत्मकथनांतला एक शब्दही गाळला जाऊ नये, पाठ्यपुस्तकात फुल्या छापल्या जाऊ नयेत, या मतावर मी ठाम आहे. तिचाही त्याला विरोध नाही. छापलेला शब्द माणूस एकटा, आपल्या वेळेला, आपल्या मनाची तयारी करून वाचतो. दुसऱ्याने मोठ्याने म्हटलेल्या शब्दापासून त्याला कान मिटता येत नाहीत. उठून जाणं एवढाच मार्ग उरतो. या लेखात तो शब्द मी लिहिला नाही, कारण हा लेख कुणाची साक्ष नाही. त्या शब्दाची किंमत मी दिलेली नाही आणि इथे त्याच्यावाचून माझं काही अडत नाही.

जाताना तिने मला विचारलं, पुढच्या वेळी तो उतारा वाचणार का? मी म्हटलं, वाचेन, पण आधी श्रोत्यांना सांगेन की यात काय आहे. आणि शिवीच्या जागी थांबेन, पुस्तक पुढच्या रांगेतल्या लोकांच्या हातात देईन, ज्यांना वाचायचं आहे त्यांनी मनात वाचावं. ती म्हणाली, बघा कसं जमतं ते. हे तिला पुरेसं वाटलं की नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं नाही.

जे शिक्षक ही पुस्तकं वर्गात शिकवतात, त्यांना माझी विनंती आहे. पुस्तकं शिकवा, सोडू नका. पण तो उतारा आला की पुस्तकातून एकदा मान वर करा आणि डोकी कुणाकडे वळताहेत ते बघा.

त्या मुलाचा पत्ता मला वाचनालयातून मिळाला आहे. या आठवड्यात त्याला भेटायला जातो आहे.